कांचनचे पंधरा जीबी

"अध्यक्षमहोदय, आपण माझं घर फोडलंत."

एवढं वाक्य चारुदत्त वैरागडेने रविवारी सकाळी टाइप केलं, आणि त्याचं त्यालाच ते इतकं आवडलं की चहा गार होईपर्यंत तो त्याच्याकडे बघत बसला. मग पुढचं आपसूक आलं. 'मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी जो वर्ग चालतो, त्यात आमच्या बायकांना नवऱ्याच्या कॉम्प्युटरचे तुकडे पाडायला शिकवतात. शिकवणारा माणूस एकटा राहतो. याची आपण चौकशी केलीत का? नऊ वर्षं मी मंडळाची निरपेक्ष सेवा केली, तिचं हे फळ?'

निरपेक्ष कसली डोंबलाची! पण तक्रारीच्या अर्जात तसं लिहायची पद्धत आहे.

अर्ज त्याने गणपतीच्या पत्रिकेच्याच फोल्डरमध्ये ठेवला, 'तक्रार' नाव देऊन. बायको घरात नव्हती. ती त्याच वर्गाला गेली होती.

काडी अध्यक्षांनी टाकली होती, हे मात्र खरं. २००९च्या संक्रांतीला, तिळगुळाच्या कार्यक्रमात, माइक हातात घेऊन ते म्हणाले, "कॉम्प्युटरचं बारीकसारीक आपले वैरागडे बघतातच. पण शिकवायला यंदा आपल्याला खरे जाणकार लाभलेत." टाळ्या पडल्या. 'बारीकसारीक' आणि 'खरे' हे दोन शब्द चारुदत्तच्या पाठीत दोन बाजूंनी घुसले, ते निघालेच नाहीत.

लखनऊत मराठी माणसं असून असून किती! रेल्वेतले इंजिनियर, औषध-संशोधनातले शास्त्रज्ञ, दिल्लीहून बदलून आलेले अफसर. सगळे एकमेकांचा ग्रेड पे पाठ करून बसलेले. चारुदत्त रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क. अशा मंडळात हेडक्लार्कला सतरंज्या उचलायला हाक मारतात, खुर्चीवर बसायला नाही. पण या माणसाने नाझा मार्केटमधून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवला, कोणता क्लास नाही, कोणी गुरू नाही, स्वतःच्या जिद्दीवर शिकला, आणि मंडळाची सभासद यादी, पत्रिका, आरतीची पानं, सगळं त्याच्या हातात आलं. शास्त्रज्ञांच्या बायका फोन करून म्हणू लागल्या, "वैरागडेभाऊजी, आमचं मशीन जरा बघता का?" ही त्याची खुर्ची होती. नऊ वर्षं त्याने ती गरम ठेवली होती. आणि त्या खुर्चीवर जानकीपुरमहून स्कूटरवर येणारा विनय रेगे अलगद येऊन बसला.

रेगे औषध-संशोधनातला. पंचेचाळिशीचा, डॉक्टरेट, लग्न न केलेला. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. बायका पुढे वाकत. चारुदत्तला नेमकं तेच खुपे. विंडोज आहे तसं ठेवायचं आणि त्याच्या शेजारी, डिस्कचा वेगळा भाग पाडून, त्यावर लिनक्स नावाची दुसरी प्रणाली बसवायची, एवढंच तो नवशिक्यांना शिकवी. सीडी फुकट वाटी.

"फुकट देतो म्हणजे काहीतरी घेत असणारच," चारुदत्त घरी म्हणाला.

"हो, घेतो ना. हजेरी घेतो," कांचन म्हणाली. तिने नाव घातलं होतं.

"तुले कायले पाहिजे ते?"

"मग रविवारी काय करू? तुमची पाठ बघू?"

ही पाठ ती नऊ वर्षं बघत होती. एकदा, फार पूर्वी, पाहुणे असताना कांचनने त्या खुर्चीवर बसून एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं होतं. चारुदत्त सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला होता, "बघा हो, आमच्या घरी टायपिस्ट आली!" पाहुणे पोट धरून हसले. मग तो म्हणाला, "हात नको लावू. उडेल सगळं." तिने हात काढला तो काढलाच. मुलगी देवयानी नोकरीला पुण्याला गेली, घरात दोघंच उरली, तरी कांचन त्या टेबलावरची धूळसुद्धा लांबून फडक्याने पुसे. नवऱ्यांना असल्या गोष्टी आठवत नाहीत. बायकांना तारखेसकट आठवतात.

मार्चमध्ये चारुदत्त तीन दिवस गोरखपूरला टूरवर गेला. परत आला, आंघोळ केली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं. नेहमीचं चित्र आलंच नाही. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरात एक यादी. वर लिनक्स. त्याखाली परत लिनक्सच्याच दोन ओळी. मग 'इतर' असं लिहिलेलं, आणि त्या 'इतर'च्या खाली, सगळ्यात तळाला, विंडोज. खाली दहा, नऊ, आठ असे आकडे उतरत होते.

"कांचन!"

ती पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातांनी आली.

"हे काय करून ठेवलं?"

"डी ड्राइव्हमधून पंधरा जीबी कापले. तुमचं सगळं जागच्या जागी आहे. खालचा बाण दाबा, एंटर दाबा, तुमचं विंडोज येईल. सरांनी सांगितलं तस्सं केलं, पहिल्याच दणक्यात झालं!" तिचा चेहरा असा फुलला होता, की त्याने तो देवयानीच्या बारशानंतर पाहिला नव्हता. आणि तो त्याच्यामुळे फुललेला नव्हता.

"माझ्या मशीनमध्ये मी 'इतर'?"

"ते आपोआप लिहून येतं हो."

"लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव मागच्या पानावर छापल्यासारखं आहे हे."

"बरं, वर करते." तिने हात पुसले, बसली, काहीतरी लिहिलं, दोन मिनिटांत विंडोज पहिल्या ओळीवर आलं. दोन मिनिटांत! त्याला वाटलं होतं ती म्हणेल, जमत नाही, तुम्हीच बघा. नाव वर आल्याचं सुख दोन मिनिटंही टिकलं नाही.

तेव्हापासून एका मशीनवर दोन संसार सुरू झाले. तो ऑफिसला गेला की ती तिच्या बाजूला शिरे. संध्याकाळी तो आला की बंद करून उठे. बंद केल्यावरही स्क्रीनला हात लावला तर ऊब लागायची. चारुदत्त बूट काढायच्या आधी स्क्रीनला हात लावून बघू लागला. एखाद्या दिवशी ऊब जास्त वाटली की विचारायचा, "आज भाजी अळणी का?"

तरी हे सगळं सोसवलं असतं. पण मे महिन्यात रेगे एकदा घरी आला. झुणका-भाकरी खाल्ली, दुसरी भाकरी मागून घेतली, मग कॉम्प्युटरवर कांचनच्या बाजूचं काहीतरी बघून चारुदत्तला म्हणाला, "तुम्ही डेटा फार शिस्तीत ठेवता हो, वैरागडे. वर्षवार फोल्डर. फार थोड्या लोकांना जमतं."

माणूस मनापासून बोलला होता. पण चारुदत्तच्या डोक्यात एकच घण बसला. याने माझे फोल्डर पाहिले कुठून?

रेगे गेल्यावर त्याने विचारलं.

"इकडून तुमचं सगळं दिसतं की," कांचन म्हणाली. "सी, डी, सगळं. लिनक्सला विंडोजचं वाचता येतं."

"आणि विंडोजमधून तुझं?"

"नाही दिसत. त्याला ते कळतच नाही."

"म्हणजे तुला माझं दिसतं, मला तुझं दिसत नाही."

"हो," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. बस, तेवढं हसू पुरे झालं. पाहुण्यांसमोर बायकोला हसलेला माणूस ते हसू ओळखायला चुकत नाही.

पुढचे तीन महिने त्याने भुतासारखे काढले. त्या पंधरा जीबीत काय असेल? पत्रं? कोणाची? जेवताना फोन आला तर ती उठून बाल्कनीत जाई, आणि "हो सर, बारावं पान झालं, उद्या तेरावं घेते" असं काहीतरी बोले. पानं? कसली पानं? एवढं काय लिहिते ही बाई? वर्ध्याला आईला चार ओळींचं पत्र लिहायला जिला महिना लागायचा, ती रोज एक पान लिहिते?

विचारायचं मात्र नाही. विचारलं तर उत्तर मिळेल ना! मत्सराला उत्तर नको असतं, चारा हवा असतो.

आणि आज, गणपती दोन आठवड्यांवर आलेले असताना, ती साडेदहाला नवी साडी नेसून वर्गाला गेली. साध्या रविवारी नवी साडी. दार लागलं तसा चारुदत्त बसला आणि आधी अध्यक्षांचा अर्ज लिहिला. त्याने पोट भरलं नाही. त्याने मशीन परत सुरू केलं आणि पहिल्यांदाच तिच्या ओळीवर एंटर दाबलं.

पासवर्ड.

त्याने स्वतःचं नाव टाकलं. नाही. आडनाव टाकलं. नाही. देवयानी. लग्नाची तारीख. वर्धा. नाही, नाही, नाही. मग इकडे-तिकडे बघून, घरात कोणी नसताना, त्याने टाकलं, विनय. नाही. एक क्षण त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच दुसरी कळ उठली, नुसतं विनय नसेल, विनयरेगे असेल. तेही नव्हतं. मग तर रागच आला. तो नाही, मी नाही, मग आहे कोण?

तो विंडोजमध्ये परतला. डिस्कचा नकाशा कुठे असतो हे त्याला माहीत होतं, जाणकार खरा की खोटा हे राहू द्या. नकाशात सी होता, डी होता, आणि शेवटी दोन बिननावाचे तुकडे. एक मोठा, एक चिमुकला. आतलं दिसत नव्हतं, पण पुसून टाकायला आतलं दिसावं लागत नाही. मशीनने विचारलं, सगळी माहिती जाईल, नक्की? जगात एवढं एकच होतं ज्याने आज त्याला काही विचारलं. चारुदत्तने हो म्हटलं. दोनदा हो म्हटलं. मोकळी झालेली जागा एक केली, फॉरमॅट केली, तिला 'ई' अक्षर दिलं. तरी ती रिकामी जागा त्याच्याकडे बघत राहिली, म्हणून डीमधली तीन हजार गाणी त्यात लोटली. भाडेकरू काढल्यावर लोक खोलीत आपलं सामान भरून टाकतात, तसं. गाणी जात होती तोवर त्याने पंख्याखाली डोळे मिटून घेतले. सहा महिन्यांत इतकं निवांत वाटलं नव्हतं.

फोन वाजला. अध्यक्ष.

"वैरागडे, पत्रिका तयार आहे ना? प्रेसवाला म्हणतो दोनपर्यंत फाइल द्या, उद्यापासून त्याचं मशीन दुसऱ्या कामाला लागतंय."

"तयारच आहे साहेब. निघतोच." इतक्या लाघवी आवाजात, की अर्ज लिहिणारा हाच का, असं वाटावं.

मशीन जरा मंद वाटत होतं. पेन ड्राइव्ह लावण्याआधी एकदा बंद करून सुरू करू, म्हणून त्याने रीस्टार्ट दाबलं.

काळा पडदा. यादी नाही. आकडे नाहीत. एकच ओळ: एरर १७.

त्याने पुन्हा सुरू केलं. एरर १७. तारा काढून लावल्या, स्टॅबिलायझरवर थाप मारली, मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं. एरर १७. विंडोज कुठे गेलं? विंडोजला तर त्याने हात लावला नव्हता!

नाझा मार्केटच्या दुकानदाराला त्याने घरी फोन लावला. तो रविवारचा लोळत पडला होता. "भैया, शुरू में जो मेनू आता था न, वो उसी लिनक्स वाले हिस्से में रखा था. आपने हिस्सा उड़ाया तो मेनू भी गया. अब मशीन पूछ किससे रही है कि विंडोज कहाँ है? कल ले आइए, नया डाल देंगे. हाँ, डेटा की गारंटी नहीं."

बारा वाजून गेले होते. पत्रिका आत. सभासद यादी आत. नऊ वर्षं आत. आणि आत जायचा दरवाजा त्याने स्वतःच्या हाताने पाडून त्यावर गाणी रचली होती. वर्गात पंधरा बायकांना हे सोडवता आलं असतं. मंडळाच्या संगणकप्रमुखाला येत नव्हतं.

कांचन दीडला आली. टेंपोतून उतरून चालत, घामाने डबडबलेली, पण चेहऱ्यावर तोच मार्चमधला उजेड. चप्पल काढता काढता बोलू लागली, "अहो, ऐका. रेगेसरांची हैदराबादला बदली झाली. आज सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, गणपतीनंतरचा वर्ग वैरागडेबाई घेतील. म्हणून तर ही साडी, मला कालच फोनवर कुणकुण लागली होती. पुस्तिकाही माझीच छापणार, नवशिक्यांसाठी, मराठीत. एक्केचाळीस पानं झालीत—"

तिची नजर स्क्रीनवर गेली.

"एरर १७ कशाने?"

"काय की. लाइट वरखाली झाली असेल."

"लाइटने एरर १७ येत नाही."

तिने पर्समधून सीडी काढली, आत सरकवली. दोन-तीन मिनिटं गेली आणि डिस्कला न विचारताच, नुसत्या सीडीवरून, तिचं चित्र स्क्रीनवर उघडलं. त्याला वाटलं होतं, तिचा तुकडा गेला म्हणजे बघणारं आता कोणी उरलं नाही.

तिने नकाशा उघडला. सी. डी. आणि ई. ईमध्ये शिरली. गाणी, गाणी, गाणी. खालपर्यंत सरकवत गेली, परत वर आली. तिच्या हातावरचा टेंपोचा घाम सुकला, तरी ती गाण्यांची नावंच वाचत होती.

"पुसलं आणि वर भरलंसुद्धा," ती म्हणाली. "नुसतं पुसलं असतं तरी परत काढलं असतं मी."

"दुसरीकडे कॉपी असेल ना तुझी?"

"नाही." ती उठली, गोदरेजच्या कपाटातून चार डीव्हीडी आणल्या आणि त्याच्यापुढे टाकल्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ह्यांचं – १', 'ह्यांचं – २', 'ह्यांचं – ३', 'ह्यांचं – ४'. "वर्गातला पहिला नियम. नवं घालायच्या आधी जुन्याची नक्कल करून ठेवायची. तुम्ही गोरखपूरला होतात तेव्हा पहिला अख्खा दिवस यातच गेला. पाकिटात चारच होत्या, चारही तुमच्यावर संपल्या. माझी करीन करीन म्हणत राहिली."

चारुदत्तने डीव्हीडी उचलली नाही.

"मला वाटलं... पासवर्ड लावून ठेवलेला... माणसाच्या मनात येतंच की."

"काय येतं?"

तो स्टॅबिलायझरची तार सरळ करू लागला.

"पासवर्ड मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मी विसरते म्हणून. पाच महिने झाले. ते दार तुम्ही एकदा तरी उघडलंत?" ती परत बसली. "आणि विचारलंत तरी कधी? दाखवलं असतं. लपवत होते ते तुम्ही हसाल म्हणून. एक्केचाळीस पानं झाल्याशिवाय दाखवायचंच नाही असं ठरवलं होतं. एका पानावर कोणीही हसतं, एक्केचाळिसांवर हसायला जरा तरी लाज वाटते."

तिने दोन ओळी टाइप केल्या, विंडोज सुरू करणारा भाग जागेवर आणला. हेही दोन मिनिटांत. मग म्हणाली, "पत्रिका कुठे आहे? सुरू होईल का नाही ते नंतर बघू, आधी पेन ड्राइव्हवर घेते."

"मी घेतो! तू राहू दे, मी—"

पण तिने फोल्डर उघडला होता. पत्रिका होती. तिच्या शेजारी 'तक्रार' होती. आजची तारीख, सकाळची वेळ.

कांचनने पत्रिका पेन ड्राइव्हवर घेतली. मग दुसरी फाइल उघडली आणि मोठ्याने वाचली. वर्गात धडा वाचावा तशी, न थांबता. "अध्यक्षमहोदय, आपण माझं घर फोडलंत." 'शिकवणारा माणूस एकटा राहतो' इथे मात्र तिचा आवाज थांबला. ते वाक्य तिने दुसऱ्यांदा मनात वाचलं. ओठ हलताना दिसले.

"मी गेल्या गेल्या हे लिहिलंत," ती म्हणाली. "म्हणजे हे आधी. पुसलंत नंतर."

"रागात लिहिलं गं. पाठवणार थोडीच होतो."

"पाठवा ना. चांगलं लिहिलंय. फक्त वरचं नाव चुकलंय."

फोन वाजू लागला. त्यावर अध्यक्षांचं नाव. पावणेदोन झाले होते. चारुदत्तचा हात पेन ड्राइव्हकडे गेला. कांचनने तो उपसला आणि मुठीत धरला. फोन वाजत राहिला.

"कांचन, साहेब आहेत. दोनला प्रेस बंद होईल. अख्ख्या मंडळाचा गणपती अडेल."

"अडू द्या. अध्यक्षांना विचारलंत ना, घर कोणी फोडलं? ते नाही सांगू शकणार, ते इथे नव्हते. इथे तुम्ही होतात." तिने मूठ उघडली नाही. "तुमच्या एका फाइलला ओरखडा गेला नाही, मी तुमचं सगळं चार तबकड्यांवर जपून मग माझं कापून घेतलं, तेही पंधराच. त्यात काय आहे हे न बघता, न विचारता, तुम्ही ते का पुसलंत? फोन वाजू द्या. आधी मला उत्तर द्या."